सारख्या लांबीचे, सारख्या शेवटाचे इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दकोडं असो, स्क्रॅबल असो, वर्डल (पाच अक्षरी गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ) असो की मुलांचा गृहपाठ, प्रश्न फिरून त्याच जागी येतो: अमुक अक्षरी आणि अमुक अक्षराने संपणारे शब्द कोणते? आणि काही अक्षरांना शब्द सापडतच का नाहीत? नुसत्या याद्या कुठेही मिळतात, त्यामुळे त्या इथे दिलेल्या नाहीत. त्या याद्या काही ठिकाणी फुगतात आणि काही ठिकाणी आटतात, ते का, हे समजलं की यादी स्वतःच बनवता येते.

इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. जिथे स्पेलिंगवरच सगळं अवलंबून आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१. लांबी मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं? उच्चार की अक्षरं?

स्पेलिंगमधली अक्षरं. उच्चाराचा इथे काडीचा संबंध नाही. 'हाऊस' (एच-ओ-यू-एस-ई), 'नाइफ' (के-एन-आय-एफ-ई), 'टेबल' (टी-ए-बी-एल-ई) आणि 'थ्री' (टी-एच-आर-ई-ई) हे चारही शब्द एकाच गटातले आहेत: पाच अक्षरी, शेवटी ई. कानाला मात्र शेवटी स, फ, ल आणि ई असं वेगवेगळं ऐकू येतं. याच्या उलटही होतं. समुद्र या अर्थाचा 'सी' (एस-ई-ए) आणि पाहणे या अर्थाचा 'सी' (एस-ई-ई) ऐकायला एकच, लांबीही तीनच, पण शेवटचं अक्षर वेगळं, म्हणून गट वेगळा.

आपली एक खास अडचण म्हणजे देवनागरीची सवय. 'स्ट्रेंग्थ' आपण दोन अक्षरांत बसवतो, पण इंग्रजीत त्याची आठ अक्षरं होतात. मनातल्या मनात मोजू नका, कागदावर रोमन लिपीत लिहून मोजा. कोड्यात एक घर कमी-जास्त होण्याचं निम्मं कारण हेच असतं.

२. हायफन, अपॉस्ट्रॉफी, मधली मोकळी जागा: हे मोजायचं का?

नाही. शब्दकोड्यात 'आइस क्रीम' हे उत्तर असेल तर सूचनेपुढे कंसात ३, ५ असं लिहितात आणि घरं सलग आठ असतात. 'डोन्ट'मधला अपॉस्ट्रॉफी वगळला की चार अक्षरं उरतात. स्क्रॅबलमध्ये हा वादच येत नाही, कारण ज्या शब्दाला हायफन, अपॉस्ट्रॉफी किंवा पहिलं मोठं अक्षर लागतंच, तो तिथे चालत नाही. 'कॅफे'च्या ईवर फ्रेंच पद्धतीने तिरकी रेघ दिलेली दिसते, पण मोजताना तो साधा ईच धरतात.

३. पाच अक्षरी शब्दांत सगळ्यात जास्त शब्द कोणत्या अक्षराने संपतात?

तुम्ही कोणती यादी उघडता त्यावर उत्तर बदलतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

वर्डलच्या मूळ रचनेत दोन याद्या होत्या. एक उत्तरांची, २,३१५ शब्दांची. दुसरी, कोणते शब्द टाकून पाहता येतील त्याची. दोन्ही मिळून जवळपास १३ हजार शब्द. उत्तरांच्या यादीत ईने संपणारे ४२४, वायने ३६४, टीने २५३ आणि आरने २१२ शब्द होते. एसने संपणारे फक्त ३६. मोठ्या यादीत मात्र चित्र पार उलटतं. तिथे तीस टक्क्यांच्या आसपास शब्द एसनेच संपतात, कारण चार अक्षरी नामाला किंवा क्रियापदाला एस चिकटवला की पाच अक्षरी शब्द तयार!

म्हणून 'एसने संपणारे शब्द सर्वांत जास्त' आणि 'एसने संपणारे शब्द फार थोडे' ही दोन्ही विधानं खरी आहेत. भांडण्याआधी यादी कोणती ते विचारून घ्या.

४. मग वर्डलच्या उत्तरांत एसने संपणारे कोणते शब्द येऊ शकतात?

साधी अनेकवचनं मूळ यादीत उत्तर म्हणून ठेवलेली नव्हती. उरले ते असे शब्द, ज्यांतला एस मूळ शब्दाचाच भाग आहे. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात. दोन एस असलेले: 'क्लास', 'ड्रेस', 'क्रॉस', 'चेस', 'ब्लिस'. यू-एसने संपणारे, बरेचसे लॅटिन वळणाचे: 'फोकस', 'व्हायरस', 'बोनस', 'मायनस'. आणि आय-एसने संपणारे: 'बेसिस', 'ओएसिस'. दोन एस का, ते प्रश्न ११ मध्ये.

स्क्रॅबलचा निर्माता आल्फ्रेड बट्स यालाही याच एसने विचारात पाडलं होतं. १०० सोंगट्यांमध्ये ईच्या १२ आणि एसच्या फक्त चारच सोंगट्या आहेत. एस जास्त ठेवले असते तर खेळ म्हणजे नुसती अनेकवचनं जोडत बसणं झालं असतं.

जाता जाता एक गंमत. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीझ' (पी-ई-ए-एस-ई) म्हणत आणि ते एकवचन होतं. शेवटचा झ लोकांना अनेकवचनाचा वाटला, त्यांनी तो काढून टाकला आणि 'पी' हा नवाच शब्द रूढ झाला.

५. एवढे शब्द ईने का संपतात? आणि तो ई उच्चारायचाच नसेल तर लिहायचा कशाला?

शाळेत या ईला 'सायलेंट ई' म्हणून सोडून देतात, फार तर 'मॅजिक ई' म्हणतात. आधीचा स्वर लांब करतो, एवढंच त्याचं काम सांगितलं जातं: 'प्लॅन'ला ई लावला की 'प्लेन' होतो. हे खरं आहे, पण अपुरं आहे. त्यामुळेच मुलांना 'हॅव्ह' आणि 'हाऊस' हे शब्द नियमबाह्य वाटतात. प्रत्यक्षात हा ई बरीच कामं करतो.

सी आणि जी या अक्षरांना तो मऊ करतो. 'डान्स' आणि 'लार्ज' यांच्या शेवटचा ई काढा, वाचणारा 'डँक' आणि 'लार्ग' वाचेल. टी-एचचा उच्चार 'थ'वरून 'द'कडे नेतो: 'बाथ' (चार अक्षरी) आणि 'बेद' (पाच अक्षरी, आंघोळ घालणे). एलला आधार देतो: 'टेबल', 'लिटल', 'ॲपल', कारण इंग्रजी लिखाणात प्रत्येक उच्चारखंडाला एखादं स्वराचं अक्षर लागतं.

मला सगळ्यात आवडणारं काम वेगळंच आहे. शब्द अनेकवचनासारखा दिसू नये म्हणून तो पहारा देतो. 'डेन्स' म्हणजे दाट, डी-ई-एन-एस-ई. यातला ई काढला तर उरतं डी-ई-एन-एस, म्हणजे गुहा, अनेकवचनी. 'कर्स' (शाप) मधला ई काढला तर भटकी कुत्री उरतात. 'हाऊस' आणि 'हॉर्स' यांतला ई याच जातीचा. स्वर लांब करण्याशी त्याचा काही संबंध नाही.

काही ठिकाणी तो नुसती लांबी भरून काढतो. इंग्रजीत अर्थवाही शब्द सहसा तीन अक्षरांपेक्षा लहान नसतो, दोन अक्षरी शब्द बहुतेक व्याकरणाच्या कामाचे असतात. त्यामुळे देणं लागणे या अर्थाच्या 'ओ'ला (ओ-डब्ल्यू-ई) ई जोडलेला दिसतो. 'एग', 'ॲड', 'इन' (खानावळ) यांत शेवटचं व्यंजन दुप्पट होतं तेही याचसाठी. 'गो', 'डू', 'ऑक्स' हे अपवाद.

व्ही आणि यूच्या मागे उभा राहणारा ई वेगळा, तो प्रश्न ७ आणि ८ मध्ये. आणि 'सम', 'कम', 'डन' यांतला ई म्हणजे जुन्या स्पेलिंगचा उरलेला अवशेष. आज तो कोणतंच काम करत नाही.

६. शेवटचा ई उच्चारला जातो असे शब्द आहेत का?

आहेत, आणि कोड्यात तेच अडवतात. 'थ्री', 'ट्री', 'ॲग्री' असे दोन ईवाले सोपे. 'मेबी' हा जोडशब्द आहे, त्यातला 'बी' मुळातच ईने संपतो. बाकीचे बरेचसे बाहेरून आलेले: 'लाटे' इटालियन, 'कराटे' आणि 'ॲनिमे' जपानी. 'कटॅस्ट्रफी', 'अपॉस्ट्रफी' ग्रीक. 'रेसिपी' लॅटिन. अनोळखी शब्द ईने संपत असेल आणि तो परदेशी वाटत असेल, तर ई उच्चारून पाहा.

७. व्हीने संपणारा एकही शब्द का सापडत नाही? 'लव्ह', 'गिव्ह', 'फाइव्ह' हे तर व्हीनेच संपतात ना?

ते कानाला व्हीने संपतात. कागदावर तिन्ही ईने संपतात.

कारण जुनं आहे. इंग्रजी हस्तलिखितांत यू आणि व्ही ही वेगळी अक्षरं नव्हती, एकाच अक्षराची ती दोन वळणं होती. शब्दाच्या सुरुवातीला व्हीचं वळण आणि इतरत्र यूचं. म्हणजे 'लव्ह' हा शब्द एल-ओ-यू-ई असा लिहिलेला असे. शेवटचा ई नसता तर वाचणाऱ्याला तिथे स्वर आहे की व्यंजन ते कळलंच नसतं. पुढे ही दोन अक्षरं वेगळी झाली, ईची गरज संपली, पण तोवर हाताला वळण लागलेलं होतं. म्हणून 'गिव्ह' आणि 'हॅव्ह' यांत स्वर ऱ्हस्व असूनही ई आहे. 'लिव्ह' (राहणे, क्रियापद) आणि 'लाइव्ह' (थेट, विशेषण) यांचं स्पेलिंग एकच आहे, कारण दोघांनाही तो ई लागतोच.

अपवाद बहुतेक कापून लहान केलेले किंवा बोलीतले: 'रेव्ह' (रेव्होल्यूशनचं लघुरूप, इंजिनाचा वेग वाढवणे), 'लव्ह'चं लाडिक रूप एल-यू-व्ही, 'स्पिव्ह'. शिवाय 'स्लाव्ह'सारखी वंशनामं आणि रशियन आडनावं.

एक शब्द मात्र वेगळाच. 'ऑव्ह' (ओ-एफ). रोज शंभरदा वापरला जाणारा, एफने संपणारा, आणि उच्चार व्हीचा. स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: व्ही असलेला एकही दोन अक्षरी शब्द तिथे मान्य नाही, ना शेवटी, ना सुरुवातीला. हातात दोन व्ही आले की पंचाईत होते ती यामुळेच.

८. आय, यू, जे आणि क्यू यांनी संपणारे शब्द?

यूने संपणारे अस्सल इंग्रजी शब्द शोधले तर 'यू' (तुम्ही) आणि त्याचं जुनं एकवचन 'दाऊ' एवढेच ठळकपणे हाती लागतात. बाकीचे पाहुणे आहेत: 'हायकू' आणि 'टोफू' जपानी, 'मेन्यू' आणि 'ब्यूरो' फ्रेंच, 'गुरू' आपल्याकडचा. 'फ्लू' हे इन्फ्लुएन्झाचं लघुरूप. जिथे इंग्रजीला यूने थांबावं लागलं असतं तिथे ई मदतीला येतो: 'ब्लू', 'ट्रू', 'आर्ग्यू', 'व्हॅल्यू', चौघांच्याही शेवटी यू-ई. वर्डलच्या मूळ उत्तरांत यूने संपणारा शब्द फक्त एक होता.

आयचंही तसंच. 'मी' या अर्थाचा एकाक्षरी 'आय' सोडला तर 'टॅक्सी' (टॅक्सीमीटर कॅबचं लघुरूप), 'स्की' (नॉर्वेजियन), 'अलिबाय' (लॅटिन), 'सारी' (साडी). शिवाय 'फंगस'चं 'फंजाय' अशी लॅटिन अनेकवचनं. अस्सल शब्दाला शेवटी आय नको असतो, तिथे वाय येतो. प्रश्न ९ पाहा.

जेचा आवाज इंग्रजीत शब्दाच्या शेवटी भरपूर आहे, पण तो जी-ई किंवा डी-जी-ई असा लिहितात. 'जज' हा शब्द यासाठी नमुनेदार आहे: जे-यू-डी-जी-ई. एकच आवाज, पुढे जे आणि मागे डी-जी-ई. शेवटी खरोखर जे असलेले शब्द म्हणजे 'राज', 'हाज', 'स्वराज'. बघाल तर सगळे पूर्वेकडून आलेले.

क्यूने संपणारे 'तलाक' (टी-ए-एल-ए-क्यू) आणि बाजार या अर्थाचा अरबी 'सूक' (एस-यू-क्यू). 'ट्रँक' हा ट्रँक्विलायझरचा तुकडा. 'इराक' विशेषनाम आहे, खेळात चालणार नाही.

९. वायने संपणारे इतके शब्द कुठून आले?

दोन बाजूंनी. एक, शब्दाच्या शेवटी आय नको म्हणून वाय. हा अदलाबदलीचा नियम आहे आणि तो उलटाही फिरतो: 'सिटी'चं अनेकवचन करताना शेवट सुटला की वायचा परत आय होतो. याच्या विरुद्ध दिशेला 'लाय' (खोटं बोलणे, एल-आय-ई) ला आय-एन-जी जोडताना दोन आय शेजारी येऊ नयेत म्हणून वाय येतो: 'लाइंग', एल-वाय-आय-एन-जी. 'डाय', 'टाय' यांचंही तेच.

दुसरी बाजू प्रत्ययाची. नामाला वाय लावून विशेषण करणं इंग्रजीत फार सोपं आहे. चार अक्षरी नाम घ्या, वाय लावा, पाच अक्षरी विशेषण मिळतं: 'रेनी', 'सॉल्टी', 'डस्टी', 'विंडी'. नाम ईने संपत असेल तर ई गळतो ('ज्यूस'चं 'ज्यूसी', 'नॉइझ'चं 'नॉइझी'), आणि ऱ्हस्व स्वराचं तीन अक्षरी नाम असेल तर व्यंजन दुप्पट होतं ('सन'चं 'सनी', 'फन'चं 'फनी'). तिन्ही वाटांनी पाच अक्षरीच शब्द मिळतो. वर्डलमध्ये वायने संपणारे शब्द एवढे का, याचं उत्तर यातच आहे. दुसरा-तिसरा शब्द टाकताना शेवटी वाय तपासून पाहा.

१०. 'म्युझिक' सीने संपतो आणि 'क्लॉक' केने. केव्हा काय?

एका उच्चारखंडाचा, ऱ्हस्व स्वराचा शब्द असेल तर सी-के: 'ब्लॅक', 'क्लॉक', 'ब्रिक', 'ट्रक'. अनेक खंडांचा आणि 'इक'ने संपणारा असेल तर नुसता सी: 'म्युझिक', 'टॉपिक', 'पॅनिक', 'लॉजिक', 'कॉमिक'. हे सगळे पाच अक्षरीच आहेत, बाजूबाजूला मांडले की फरक लगेच दिसतो.

पूर्वी असं नव्हतं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'म्युझिक' आणि 'पब्लिक' यांच्या शेवटी के आहे. तो के नंतर गळाला, पण पुरता गेलेला नाही. 'पॅनिक'ला ई-डी लावा, 'पिकनिक'ला आय-एन-जी लावा, 'ट्रॅफिक'ला आय-एन-जी लावा: के परत येतो. कारण तो नसता तर ई किंवा आयच्या शेजारी सी मऊ होऊन 'पॅनिस्ड' वाचलं गेलं असतं.

११. 'ग्लास', 'स्टाफ', 'स्मॉल' यांत शेवटचं अक्षर दोनदा का?

एका खंडाच्या शब्दात एकेरी स्वरानंतर शेवटी एफ, एल, एस किंवा झेड आला तर तो बहुधा दुप्पट लिहितात. इंग्रजी शिकवणारे याला 'फ्लॉस'चा नियम म्हणतात. 'फ्लॉस' या शब्दातच एफ, एल आणि एस आहेत आणि तो स्वतःही नियम पाळतो.

अपवाद मात्र रोजच्या वापरातले आहेत. 'इफ', 'यस', 'अस', 'धिस' हे व्याकरणाचे छोटे शब्द. 'बस' हा 'ऑम्निबस'चा शेवटचा तुकडा. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने घडवला. 'क्विझ', 'पाल' (मित्र) हेही एकेरीच.

लेखनात खरी चूक होते ती 'अन्टिल' आणि 'ऑफुल' इथे. 'टिल'मध्ये दोन एल, 'अन्टिल'मध्ये एक. 'फुल'मध्ये दोन, 'ऑफुल'मध्ये एक. दोन्ही पाच अक्षरी आहेत. सहावं अक्षर लिहावंसं वाटलं तर हात आवरा.

१२. 'कलर' पाच अक्षरी की सहा?

अमेरिकन स्पेलिंगमध्ये पाच, ब्रिटिशमध्ये सहा, कारण तिथे ओ-यू-आर लिहितात. शेवटचं अक्षर आर दोन्हीकडे तेच, लांबी बदलली. 'ऑनर', 'फेव्हर', 'लेबर', 'ह्युमर' यांचंही तसंच. नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशात अमेरिकेसाठी ही आटोपशीर रूपं ठेवली. वर्डलही अमेरिकन स्पेलिंगवर चालतो.

याहून फसवा गट दुसरा. 'फायबर', 'लीटर', 'मीटर', 'सेबर' दोन्ही पद्धतींत पाच अक्षरीच, पण ब्रिटनमध्ये शेवटी आर-ई आणि अमेरिकेत ई-आर. लांबी तीच, शेवटचं अक्षर बदललं, गट बदलला. त्यातही 'मीटर'ची आणखी एक भानगड: ब्रिटनमध्ये लांबीचं एकक आर-ईने संपतं, पण विजेचं किंवा टॅक्सीचं मीटर मात्र तिथेही ई-आरनेच. आय-एस-ई की आय-झेड-ई या वादाने मात्र आपल्याला काही फरक पडत नाही, लांबी आणि शेवट दोन्ही तेच राहतात.

१३. शेवटचं अक्षर सारखं म्हणजे यमक जुळलं, असं समजायचं का?

मुळीच नाही. हे पाच शब्द घ्या, सगळे पाच अक्षरी, सगळ्यांची शेवटची चार अक्षरं ओ-यू-जी-एच:

'कॉफ' (खोकला), 'रफ' (खडबडीत), 'टफ' (कणखर), 'डो' (मळलेली कणीक), 'बाऊ' (झाडाची फांदी).

यमक जुळतं ते फक्त 'रफ' आणि 'टफ' यांचं. जी-एच पूर्वी घशातून उच्चारला जाई. तो आवाज इंग्रजीतून गेला, जाताना कुठे 'फ' ठेवून गेला, कुठे काहीच नाही, आणि स्पेलिंग जिथल्या तिथे राहिलं. कविता करायची असेल तर अक्षरांची यादी बाजूला ठेवा.

१४. 'थम', 'क्लाइम', 'ऑटम': शेवटचं अक्षर ऐकूच येत नाही, ते ओळखायचं कसं?

एमच्या मागे येणारा बी किंवा एन मूक असतो. एनचा छडा लावणं सोपं आहे, शब्द वाढवून पाहा: 'ऑटम'चं 'ऑटम्नल', 'हिम'चं (स्तोत्र) 'हिम्नल', 'कंडेम'चं 'कंडेम्नेशन'. एन बोलू लागतो.

बीला ही युक्ती क्वचितच लागू पडते. 'क्लाइम' आणि 'डम' यांत बी मुळापासून होता आणि नंतर मूक झाला. 'थम', 'लिम' आणि 'क्रम' यांत तर तो कधी नव्हताच, बाकीच्यांचं बघून मागाहून लिहिला गेला. एवढे शब्द पाठच करा, दुसरा इलाज नाही.

१५. वर्डलमध्ये शेवटची चारही अक्षरं हिरवी झाली, तरी हरलो. काय चुकलं?

ओळीने एकेक शब्द टाकत बसलात. (हिरवं म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली.) आय-जी-एच-टी मिळालं की 'फाइट', 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट', 'एट' एवढे दावेदार असतात आणि तुमच्याकडे चारच संधी. इथे उत्तर शोधू नका, आधी दावेदार कमी करा. 'फॉर्म्स' (एफ-ओ-आर-एम-एस) टाका. एफ, आर, एम आणि एस हे चार एका फटक्यात तपासले जातात. उत्तर म्हणून हा शब्द येणार नाही (प्रश्न ४), पण टाकायला चालतो.

ए-टी-सी-एचच्या गटात ('बॅच', 'कॅच', 'हॅच', 'लॅच', 'मॅच', 'पॅच', 'वॉच') जरा जपून. 'चॅम्प' टाकावासा वाटतो, पण त्यातला एच उत्तरात आधीच आहे. तो पिवळा होईल आणि पहिलं अक्षर एच आहे की नाही हे कळणारच नाही. त्याऐवजी 'ब्लिम्प' टाका: बी, एल, एम, पी एकदम निकालात, उरले तीन. 'टाइट'लाही हीच अडचण आहे, कारण त्यातला पहिला टी शेवटच्या टीमागे लपतो.

हार्ड मोडमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे हिरवी अक्षरं पुढच्या शब्दात ठेवावीच लागतात. म्हणून शेवटची चार अक्षरं लवकर हिरवी होणं हे तिथे सुदैव नव्हे.

१६. अशी यादी स्वतः कशी काढायची?

शब्दांची साधी फाइल असेल तर स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने वाढवा: एकात शब्दाची लांबी, दुसऱ्यात उजवीकडचं एक अक्षर. दोन्हींवर फिल्टर लावा, संपलं. रेग्युलर एक्स्प्रेशन येत असेल तर ^....ई$ असा साचा (ईच्या जागी रोमन अक्षर). चार टिंबं म्हणजे कोणतीही चार अक्षरं.

शेवटाकडून शोधायची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. जॉन वॉकरने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यमककोशात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलट्या क्रमाने लावलेले होते. तुम्हीही फाइलमधला प्रत्येक शब्द उलटा करून वर्णक्रम लावलात तर तोच कोश तयार होतो.

१७. शब्दकोड्यात शेवटचं अक्षर सूचनेवरून कळतं का?

पुष्कळदा. सूचना आणि उत्तर व्याकरणाने जुळावं लागतं. सूचना अनेकवचनी असेल तर शेवटी एस, भूतकाळी असेल तर ई-डी, असा अंदाज पेन्सिलने मांडायला हरकत नाही. पेन्सिलने अशासाठी, की 'टीथ', 'गीस', 'विमेन', 'मेन' ही एस नसलेली अनेकवचनं आणि 'स्लेप्ट', 'ब्रोक', 'सॅन्ग' हे ई-डी नसलेले भूतकाळ कोडं रचणाऱ्यांचे लाडके असतात. आय-एन-जीने संपणारं पाच अक्षरी क्रियारूप हवं असेल तर शोध फार लांब जात नाही: 'बीइंग', 'डूइंग', 'गोइंग', 'यूझिंग', 'ओइंग' आणि प्रश्न ९ मधला 'लाइंग' व त्याची भावंडं.

१८. शब्दसाखळीच्या खेळात समोरच्याला अडवायचं कसं?

एक्सने संपणारे शब्द राखून ठेवा: 'इंडेक्स', 'रिलॅक्स', 'लेटेक्स'. एक्सने सुरू होणारे शब्द मोजकेच आहेत. समोरच्याला 'झेरॉक्स' सुचला तर डाव तुमच्यावरच उलटेल, कारण तो एक्सने सुरू होऊन एक्सनेच संपतो. व्यापारनाव चालणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

१९. सव्वीसही अक्षरांनी संपणारे पाच अक्षरी शब्द आहेत का?

मोठा कोश धरला तर आहेत. अडणारी अक्षरं तीनच: जे, क्यू आणि व्ही. क्यूसाठी 'तलाक' आहे. व्हीसाठी 'पारेव्ह' (पी-ए-आर-ई-व्ही), ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही अशा अन्नासाठीची ज्यू लोकांची संज्ञा. जेसाठी 'फलज' (एफ-ए-एल-ए-जे), ओमानमधला सिंचनाचा पाट. त्याचं अरबी अनेकवचन 'अफ्लाज' (ए-एफ-एल-ए-जे) हेही पाच अक्षरी आणि जेनेच संपणारं. ओमानचे हे पाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.